खाते क्रमांकात पेस्ट अडवा, पण सगळीकडे नको

तुमची अडचण मला समजली ती अशी. सोलापुरातल्या एका पतसंस्थेसाठी तुम्ही सी-शार्प भाषेत, विंडोज फॉर्म्स या खिडक्या-रकाने बनवायच्या साधनावर प्रोग्रॅम लिहिताय. सगळ्या रकान्यांतलं कॉपी-पेस्ट आणि राइट-क्लिकचा मेनू बंद करा, असं मॅनेजर म्हणतात. तुम्ही कंट्रोल-व्ही अडवलंत, तरी पेस्ट होतंच आहे. कसं अडवायचं ते सांगतो, पण ‘सगळ्या रकान्यांतलं’ एवढं मात्र करू नका.

की-डाउनमध्ये, म्हणजे बटण दाबल्याक्षणी चालणाऱ्या कोडमध्ये, कंट्रोल-व्ही पकडून भागत नाही, कारण वाटा बऱ्याच आहेत. शिफ्ट-इन्सर्ट आहे, राइट-क्लिक आहे, कीबोर्डवरचं मेनूचं बटण आहे, शिफ्ट-एफ१० आहे. जुन्या ऑपरेटरांचा हात तर आपसूक शिफ्ट-इन्सर्टवरच जातो. सगळ्यात सोपं म्हणजे टेक्स्टबॉक्सची, म्हणजे टाइप करायच्या रकान्याची, शॉर्टकट्सएनेबल्ड ही प्रॉपर्टी फॉल्स करणं. एका ओळीत शॉर्टकटही जातात आणि मेनूही. मात्र त्यासोबत कंट्रोल-झेडही जातं, म्हणजे चुकून खोडलेलं परत आणता येत नाही. म्हणून मी टेक्स्टबॉक्सवरून स्वतःचा क्लास काढतो आणि त्यात डब्ल्यूएनडीप्रॉक ओव्हरराइड करतो, म्हणजे विंडोजचे मेसेज जिथं येतात ते फंक्शन स्वतः लिहितो. यातल्या कुठल्याही वाटेनं पेस्ट केलं तरी त्या बॉक्सला शेवटी डब्ल्यूएम-पेस्ट हाच मेसेज येतो. त्याचा नंबर ७७०, हेक्समध्ये ३०२. तो आला की बेसकडे, म्हणजे मूळ टेक्स्टबॉक्सकडे, न पाठवता तिथंच रिटर्न करायचं. मेनूही नको असेल तर डब्ल्यूएम-कॉन्टेक्स्टमेनू, नंबर १२३, तोही तसाच अडवायचा. पुढे कधी डब्ल्यूपीएफ या विंडोजच्या दुसऱ्या स्क्रीन-साधनावर गेलात तर तिथं डेटाऑब्जेक्टचा पेस्टिंग इव्हेंट धरा आणि कॅन्सलकमांड द्या. माउसनं ओढून टाकलेला मजकूरही त्यात अडतो.

आता कुठं अडवायचं ते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा पगाराचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. खाते क्रमांक दोनदा भरायचा, दोन्ही जुळले तरच सेव्ह, असं मी केलं होतं. पगार बघणाऱ्या ताई मालकांच्या एक्सेल शीटवरून नंबर उचलायच्या आणि दोन्ही रकान्यांत पेस्ट करायच्या. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. सेल टेक्स्ट केलेला नसेल तर १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. एका जॉबरच्या (माग सांभाळणाऱ्या कामगाराच्या) पासबुकात शेवटी ७ होता, शीटमध्ये ०. दोन्ही रकाने तंतोतंत जुळले, कारण चूक दोन्हीकडे एकच होती. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नाव बघून नाही. त्या क्रमांकाचं खातंच नव्हतं म्हणून रक्कम परत आली, पण ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेच्या आठवड्यात त्या माणसाचा पगार अडकला. ते पासबुक हातात घेऊन तो ऑफिसात उभा होता, ते मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय: ज्या रकान्यातल्या चुकीनं पैसे अडकतात आणि ती प्रोग्रॅमला ओळखता येत नाही, तिथंच पेस्ट बंद. खाते क्रमांक तसाच आहे. प्रत्येक बँकेची लांबी वेगळी, आणि सगळ्यांना लागू पडेल असा तपासणीचा अंक त्यात नाही. दुसऱ्यांदा हातानं टाइप करणं हीच तिथली तपासणी. त्यातही पहिला रकाना सोडला की त्याला पासवर्डचार (अक्षरांऐवजी ठिपके दाखवणारी प्रॉपर्टी) लावून अंक झाका, म्हणजे ऑपरेटर वरचं बघून खाली उतरवणार नाही, पुन्हा पासबुकाकडे बघेल. असा झाकलेला बॉक्स कॉपीही होऊ देत नाही, त्यामुळे कॉपीसाठी वेगळा कोड लागत नाही.

जीएसटी नंबरचं अगदी उलट आहे. १५ अक्षरं, सुरुवातीला राज्याचा कोड, आपला २७, मग १० अक्षरी पॅन, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. व्हॉट्सॲपवर आलेला नंबर खुशाल पेस्ट करू द्या, पुढेमागे चिकटलेल्या स्पेस काढा आणि शेवटचं अक्षर गणितानं ताडून बघा. हातानं टाइप करायला लावलंत तर चुका वाढतील. आयएफएससीत, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडातही, ११ अक्षरं आणि पाचवं कायम शून्य; तिथं शून्याऐवजी ‘ओ’ आला की लगेच पकडता येतो. पत्ता, नाव, शेरा यांना तर हातच लावू नका. पासवर्डचा रकानाही मोकळा ठेवा. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असंच सांगितलंय, कारण त्यामुळे लोक पासवर्ड मॅनेजर वापरून लांब पासवर्ड ठेवू शकतात.

मॅनेजरांना एक स्पष्ट सांगा, ही सोय चुकीसाठी आहे, चोरीसाठी नाही. ज्याला मुद्दाम करायचंय तो आपोआप टाइप करणारं टूल लावेल आणि तुमच्या बॉक्सला ते ओळखूही येणार नाही.

आणि अडवाल तिथं गप्प अडवू नका. पहिल्या आठवड्यात मला तीन फोन आले, “कीबोर्ड बिघडलाय.” मग पेस्टचा तो ७७० मेसेज आला की रकान्याखाली लाल अक्षरांत ‘पासबुक बघून टाइप करा’ असं दाखवायला लागलो. ती ओळ मेसेजबॉक्समध्ये टाकू नका, लेबलवरच दाखवा. दर वेळी ओके दाबावं लागलं की लोक वैतागतात.