बंद गिरणीचे छायाचित्र काढताना

प्रश्न : मी सोलापुरात महाविद्यालयात शिकतो. बंद गिरण्या आणि पडके वाडे हिंडून त्यांची छायाचित्रे काढण्याचा मला नाद लागला आहे. माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, होते. त्यांना हे रुचत नाही. ‘जिथे आमची चूल विझली, तिथे तुम्हाला फोटो सुचतात,’ असे ते म्हणतात. या वास्तू एवढ्या का ओढतात, आणि यात काही गैर आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालत्या गिरणीत माणसे आणि माल दिसतो, इमारत नजरेआड राहते. यंत्रे भंगारात गेली की इमारत कशासाठी तशी बांधली होती हे उघड होते, आणि ते उलगडण्यातच या छंदाची खरी गोडी आहे. अनेक जुन्या गिरण्यांतील विणकाम खात्याचे करवती, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखे, छप्पर पाहा. त्याच्या उभ्या बाजूच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो, थेट ऊन आत येत नाही आणि तुटलेला धागा कामगाराच्या चटकन नजरेस पडतो. कामगाराच्या डोळ्यांसाठी योजलेला तोच उजेड आज आपल्या कॅमेऱ्याला मानवतो.

बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, लोखंड गाळण्याच्या झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे अशी औद्योगिक बांधकामे ढगाळ उजेडात, समोरून, एकाच शिस्तीने टिपली. 1990 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना गौरवण्यात आले ते, गंमत म्हणजे, शिल्पकलेसाठी. रंग भडक करून प्रत्येक भिंत भुताटकीची करण्याची सध्याची हौस मला मात्र पटत नाही; तिच्यात सोलापूरची गिरणी आणि दुसरीकडचे गोदाम एकसारखेच दिसते.

आजोबांचा राग याच ठिकाणी समजून घ्यावा. मोरारजी गोकुळदास यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या जुन्या मिलपासून या शहराची घडी गिरणीच्या भोंग्यावर बसली होती, आणि तो भोंगा ऐकून कामावर गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. छायाचित्रे काढण्यात गैर नाही. ती माणसे वगळून केवळ पडझडीचे कौतुक करणे उथळ आहे. छायाचित्रे आधी आजोबांनाच दाखवा. तुम्हाला जो नुसता खांब वाटतो, त्यावरच्या, फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगच्या खुणेवरून यंत्रे फिरवणारा पट्टा कुठून कुठे जात असे, हे कदाचित तेच सांगू शकतील. ते त्यांच्या शब्दांत छायाचित्राखाली लिहा.

आत शिरण्यापूर्वी मालकाची किंवा ताबेदाराची लेखी परवानगी घ्या. बंद म्हणजे बेवारस नव्हे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली फौजदारी आगळीक, म्हणजे गैरहेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरणे, हा गुन्हा आहे. एकटे जाऊ नका, लाकडी माडीवर चढू नका, आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांच्या चुऱ्यात फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकते म्हणून तो उडवू नका. बेशर यांच्यासारखा मऊ उजेड सोलापुरात प्रामुख्याने पावसाळ्यात मिळतो, पण भिजलेल्या भिंती ढासळतात त्याही तेव्हाच; म्हणून त्या दिवसांत बाहेरूनच, सुरक्षित अंतरावर तिपाई लावून काम करावे आणि आतले काम हिवाळ्यासाठी राखावे.