शिंगराचं नाव ठरलं, बाप कुठाय?

पत्र मोठं आहे, थोडक्यात देते:

‘ताई, माझी रेवा तेरा वर्षांची थरोब्रेड घोडी. पूर्वी रेसमध्ये पळायची. सहा वर्षांपूर्वी मी तिला घेतली, तेव्हापासून पहाटेची लोकल पकडून माहीमहून महालक्ष्मीला जाते, खरारा करते, फेरी मारते, मग ऑफिस. हल्ली नवाच चाळा लागलाय. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तिचं शिंगरू दिसतं. तिच्यासारखंच तांबडं, कपाळावर तसाच पांढरा पट्टा. नावही ठरवलंय, श्रावणी. नवरा म्हणतो, आधी तबेल्याचं बिल बघ. ती म्हातारी झाली की मी काय करू? मी खुळी आहे का? – म. द., माहीम’

अगं, खुळी कसली. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शिंगराचा रंग आहे, नाव आहे, त्याच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा आहेत. बापाचा मात्र एका ओळीतही पत्ता नाही! देवकीनंदनासारखं शिंगरू काही तुरुंगाचं दार उघडून आपसूक येणार नाही.

आधी रंगाचं सांगते, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे गुणाचं सोड, वाणाचाही भरवसा नाही. तांबडा रंग दबून राहणारा असतो, तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. नर तपकिरी, काळ्या आयाळीचा निघाला, तर शिंगरूही तसंच होण्याची शक्यता मोठी. शेजारी उभं केलं तर ते रेवाचं आहे हे कुणाला सांगावं लागेल.

आता खरी गोची. तुझ्या स्वप्नात रेवा आणि शिंगरू दोघंही महालक्ष्मीलाच आहेत. प्रत्यक्षात थरोब्रेडच्या स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, नोंद हवी असेल तर कृत्रिम रेतन चालत नाही, नर-मादी समोरासमोरच यावे लागतात. म्हणजे रेवाला ट्रकमध्ये चढवून घाट ओलांडून पुण्याकडच्या एखाद्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, पाठवायची. समज, मार्चमध्ये फळली. सोळाव्या दिवसाच्या आत सोनोग्राफी, कारण घोडीला जुळी म्हणजे दोन्ही जीवांना धोका. मग गाईचे नऊ महिने आणि घोडीचे अकरा. वेत फेब्रुवारीत. शिंगरू दूध सोडेपर्यंत आणखी पाच-सहा महिने, आणि तेवढ्या वेळात त्याला पळायला कुरण लागतं, मुंबईतली खोली पुरत नाही. हिशेब कर. दीड वर्ष. सहा वर्षं जिला रोज पहाटे भेटतेस, ती दीड वर्ष तुझ्या लोकलच्या टप्प्याबाहेर.

तेराव्या वर्षी पहिलटकरीण म्हणजे अशक्य नाही, पण सोपंही नाही. अशा घोडीला गाभण राहायला वेळ लागतो, कधी दोन-तीन माज फुकट जातात. आणि वेणं बहुधा रात्री, एकदा सुरू झालं की अर्ध्या तासात आटोपतं, त्यामुळे अडलं तर डॉक्टर बोलवायलाही उसंत नसते. वार तीन तासांत पडली नाही तरी धावपळ. शिंगराच्या पोटात पहिल्या काही तासांत आईचा चीक गेलाच पाहिजे, कारण रोगांशी झगडायची ताकद त्याला पोटात असताना आईकडून मिळत नाही, ती चिकातूनच येते. म्हणून म्हणते, माणसं जागी असतील अशी जागा हवी. माझं बालपण गोठ्यात गेलं, तबेल्यात नाही, पण रात्रीच्या वेण्याची ती कंदील धरून ताटकळलेली भीती मला ठाऊक आहे.

नवऱ्याच्या बिलाबद्दल एकच: नराची फी, फार्मचा मुक्काम, डॉक्टर आणि पुढे तीन-चार वर्षं ज्यावर बसता येणार नाही अशा जनावराची चंदी, एवढं कागदावर मांड आणि त्याच्यापुढे ठेव. तो वाटतो तेवढा कंजूष नसेल.

‘ती म्हातारी झाली की मी काय करू?’ हे वाक्य तू मध्येच टाकून पुढे गेलीस, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज काढतो. म्हणजे अजून बारा वर्षं आहेत. त्यातली दीड तिला दूर पाठवून, जिवावरची जोखीम घेऊन, मिळणार काय, तर वेगळ्याच स्वभावाचं एक दुसरं जनावर. तुला दुसरी रेवा हवी असेल तर हे करू नकोस. तुला शिंगरूच हवं असेल, तांबडं नसलेलं, तुला न ओळखणारं, लाथा झाडणारं, तर मग कर आणि आनंदाने कर.

हे कळायला एक उपाय. येत्या जानेवारीच्या अखेरीस रजा टाक, परवानगी काढून एखादा स्टड फार्म बघून ये. कुणा परक्याच्या काळ्या-तपकिरी शिंगरापाशी तासभर उभी राहा. परतताना ट्रेनमध्ये मन कुठे होतं ते मला लिही. त्याआधी डॉक्टरांकडून रेवाच्या गर्भाशयाची तपासणी करून घे, कारण त्यांनीच नको म्हटलं तर बाकी सगळं आपोआप मिटतं.

आणि हो, नाव बदलावं लागेल. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात, शिवाय आपल्याकडे थरोब्रेडचा कागदोपत्री वाढदिवस 1 जानेवारीचा, म्हणून शिंगरं वर्षाच्या सुरुवातीलाच जन्मावीत असं फार्मवाले बघतात. तुझी श्रावणी फार तर फाल्गुनी होईल.