ट्रस्टच्या आधी एचआरचा फॉर्म

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कंपनी विकली गेली, पहिला हप्ता खात्यात जमा झाला, उरलेल्या पैशासाठी अजून दोन वर्षं त्याच खुर्चीत बसायचं आहे आणि मधल्या काळात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या समान हक्कांसाठी ट्रस्ट काढायचा आहे. नाव ठरलंय, लोगो झालाय, उद्घाटनाच्या पाहुण्यांची यादीसुद्धा जोडली आहे. एका गोष्टीचा मात्र पत्रात उल्लेख नाही. तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये एखाद्या समलिंगी माणसाला जोडीदाराचं नाव घालता येतं का?

ज्यांचा दाखला तू दिला आहेस त्या टिम गिल या अमेरिकी सॉफ्टवेअर उद्योजकाचाच क्रम बघ. १९८१ साली डेन्व्हरमध्ये आईवडिलांकडून दोन हजार डॉलर उसने घेऊन त्यांनी क्वार्क काढली. १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर आलं. पेजमेकर आणि क्वार्क या दोन नावांवर आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या एका पिढीचं पोट चाललं, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगत नाही. १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली: समलिंगी आणि उभयलिंगी आकर्षण असलेल्यांना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम राज्यात कुणी करूच नये, अगदी एखाद्या शहरानेही नाही. त्यानंतर १९९४ मध्ये गिल यांनी याच हक्कांसाठी फाउंडेशन काढलं. कंपनीचा अर्धा हिस्सा त्यांचा होता, तो त्यांनी विकला २००० मध्ये. म्हणजे आधीची सहा वर्षं कंपनी आणि काम दोन्ही शेजारी शेजारी चाललं होतं. तुझ्या हातात अजून दोन वर्षांचा अधिकार आहे. तो संपला की उरेल तो फक्त पैसा, आणि पैशाने दुसऱ्याच्या कंपनीतला फॉर्म बदलत नाही.

तेव्हा उद्या एचआरकडून नव्या माणसाला भरायला देतात ते सगळे कागद मागव आणि पेन घेऊन स्वतः भरायला बस. ‘नातं’ या रकान्यापाशी थांब. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी. इथेच सगळं अडतं.

मेडिक्लेमपासून सुरुवात कर, कारण ते सगळ्यांत लवकर होतं. ग्रुप पॉलिसीत ‘अवलंबित’ कोण, हे कंपनी आणि विमा कंपनी मिळून ठरवतात. ब्रोकर आधी म्हणेल, सिस्टिममध्ये ऑप्शनच नाही. त्याला सांग, पॉलिसीला जोडपत्र लाव आणि जोडीदारासाठी कर्मचाऱ्याचं स्वघोषणापत्र पुरेसं धर. हे बोलणं नूतनीकरणाच्या निदान तीन महिने आधी काढायचं. शेवटच्या आठवड्यात काढलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं. त्याच बैठकीत वगळलेल्या उपचारांची यादी उघड. लिंगबदलाशी संबंधित उपचार आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसींत ठरावीक अपवाद म्हणून छापलेले असतात, त्यांचा कोड आहे ‘एक्सक्ल ०७’. ग्रुप पॉलिसीत जास्तीचा हप्ता भरून, मर्यादा घालून का होईना, तो उठवून घेता येतो. सगळ्या विमा कंपन्या मान्य करतील असं नाही. मग दुसऱ्या कंपनीकडून कोटेशन मागव. व्यवहार हातचा जातोय म्हटल्यावर बरेच ‘नाही’ मऊ होतात.

प्रॉव्हिडंट फंडात मात्र तुझं काही चालणार नाही. ‘कुटुंब’ म्हणजे कोण हे योजनेतच लिहिलेलं आहे आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन टिकत नाही. आयुर्विम्यात नाव घालता येतं, पण आईवडील, पती-पत्नी, मुलं सोडून दुसरं कुणी असेल तर त्याच्या हातात आलेले पैसे शेवटी कायदेशीर वारसांचे ठरू शकतात. याला उपाय मृत्युपत्राचा: दोन साक्षीदार, आणि ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करायचं नाही. वर्षातून एक दिवस ऑफिसात वकील बसव, ज्याला हवं त्याचं मृत्युपत्र कंपनीच्या खर्चाने होऊ दे. हा दिवस सगळ्यांसाठी ठेव, फक्त ‘त्यांच्यासाठी’ नको. नाहीतर त्या खोलीत जाणं म्हणजेच जाहीर करणं होऊन बसतं. बँकेत संयुक्त खातं काढायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ च्या पत्रकात स्पष्ट केलं आहे. त्याच्या प्रती एचआरकडे ठेव. शाखेतल्या काउंटरवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचलेलं असेलच असं नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्रीला ओळखतो. त्या कायद्याची समिती आहे तशीच चालू दे. पुरुष आणि इतरांसाठी आचारसंहितेत स्वतंत्र कलम घाल, चौकशीची पद्धत लिहून ठेव. दोन्हींची सरमिसळ केली की पहिल्याच प्रकरणात समोरचा वकील समितीच्या अधिकारावर बोट ठेवतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुझ्याकडे नसावा असा माझा अंदाज आहे. आणि घराचं बघ. मुंबईत जागा मिळवताना कुणाला ‘सोसायटीला चालणार नाही’ हे उत्तर मिळतं, ते तुला वेगळं सांगायला नको. अशा दोन-तीन जणांसाठी कंपनीच्या नावाने लीव्ह अँड लायसन्स कर, रीतसर नोंदणी करून. घरमालकाला कंपनीचा चेक दिसला की त्याचे प्रश्न कमी होतात.

आता पैशाकडे येऊ. तुझ्या पत्रात एक हिशेब आहे: यंदा एवढा नफा, त्यातला एवढा ट्रस्टला दिला की ८० जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या कलमाखाली एवढा कर वाचेल. तो हिशेब चुकला आहे. कंपनीचे शेअर विकून आलेला दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ८० जी च्या वजावटीत धरला जात नाही. शिवाय नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच नाही, आणि जुनीत साध्या ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या निम्मीच, तीही उरलेल्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे नफ्यावरचा कर भरून उरेल ते तुझं दान, असंच धरून चाल. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत. बोलताना लोक जुनेच आकडे वापरतात. कागदावर नवे आहेत ना, ते सीएकडून बघून घे.) उरलेले शेअर ट्रस्टच्या नावे करण्याचा विचार असेल तर तोही जपून. खासगी कंपनीचे शेअर ही ट्रस्टला चालणारी गुंतवणूक नाही. मिळाले तर ते वर्ष संपल्यापासून एका वर्षाच्या आत मोकळे करावे लागतात, नाहीतर करमाफी धोक्यात.

ट्रस्ट काढायचाच असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी. विश्वस्तांची संमतिपत्रं, न्यासपत्र, जागेचं लाइट बिल, जागामालकाचं ना हरकत पत्र. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या कागदापाशी. जागा वडिलांच्या नावावर, बिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा हयात नाहीत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा राहून जातो, पाच वर्षांनी बँक सही मानत नाही, मग धावाधाव. विश्वस्तांत घरचे जास्तीत जास्त एक. चुलतभावाला ट्रस्टमधून भरघोस पगार किंवा गाडी दिली तर आयकर खातं तेवढ्यावर माफी काढून घेऊ शकतं. जमलेल्या पैशातले ८५ टक्के त्या वर्षात कामावर खर्च झाले पाहिजेत. अमेरिकेतला मित्र पैसे देतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचार. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याचे पैसे परकीय धरत नाहीत, ओसीआयवाल्याचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे, धरतात, आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. एफसीआरएचे पैसे २०२० नंतर दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत.

पण माझं ऐकशील तर पहिली दोन वर्षं ट्रस्ट काढूच नको. आधीच काम करणाऱ्या चार संस्थांना तुझ्या खात्यातून पैसे दे आणि बघत राहा. हमसफर ट्रस्ट इथेच मुंबईत १९९४ पासून आहे, गिल यांच्या फाउंडेशनच्याच वयाचा. आपल्याकडे या क्षेत्रात बराच काळ पैसा आला तो एचआयव्हीच्या वाटेने. त्यामुळे कंडोम किती वाटले, तपासण्या किती झाल्या, याचे रकाने आहेत. घरातून हाकललेल्या पोराला रात्री कुठे झोपवायचं, पोलिस चौकीत कोण जाणार, याला रकाना नाही. तुझा पैसा तिथे जावा. पगार, भाडं, ऑडिटची फी, कर्मचाऱ्यांचा पीएफ. ‘ॲडमिनला दहा टक्क्यांवर देणार नाही’ असं कृपा करून म्हणू नकोस. तुझ्या कंपनीत पगारावर किती टक्के जातात ते आठव.

देताना तीन वर्षांचं लेखी दे, रक्कम आधी सांग, पहिला हप्ता करार झाल्यावर महिन्याच्या आत सोड. वर्ष संपत आल्यावर पैसे देणं हा सीएसआरवाल्यांचा, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून देणाऱ्या कंपन्यांचा, रोग आहे: फेब्रुवारीत चेक आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा. मग संस्था बॅनर छापतात, हॉलमध्ये कार्यक्रम घेतात, आणि जूनमध्ये समुपदेशकाचा पगार थकतो. अहवाल एक पान माग. चाळीस रकान्यांची एक्सेल शीट पाठवलीस तर ती भरायला ते एक माणूस कामाला लावतील, तुझ्याच पैशाने.

तीन वर्षांत निकाल मागू नकोस. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्ध नाझ फाउंडेशन या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली २००१ मध्ये. जुलै २००९ मध्ये जिंकले, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले, ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. सतरा वर्षं. २०१४ च्या जानेवारीत एखादा दाता ‘इम्पॅक्ट काय?’ विचारत असता तर त्याला काय दाखवलं असतं? कोलोरॅडोची ती दुरुस्ती १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळली, पण विवाहाचा हक्क देशभर मिळाला २०१५ मध्ये. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला आहे. म्हणजे पुढचं काम कोर्टापेक्षा आमदार-खासदारांची दारं झिजवण्याचं. कंटाळवाणं, फोटो न निघणारं. गिल यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे लक्ष वळवलं ते यामुळेच, आणि निवडणुकीच्या पैशासाठी त्यांनी संस्था वेगळी ठेवली. तुझ्या ट्रस्टचा रुपयाही पक्ष किंवा उमेदवाराकडे जाता कामा नये.

गिल यांच्याकडून उचलायची खरी गोष्ट मात्र दुसरीच, आणि ती तुझ्या पत्रात नाही. १९९६ मध्ये त्यांनी ‘गे अँड लेस्बियन फंड फॉर कोलोरॅडो’ सुरू केला. त्यातून पैसे गेले ते मुख्यतः राज्यातल्या सर्वसाधारण संस्थांना, कला, सार्वजनिक प्रसारण, मुलांसाठीची कामं, अशांना. दोन अटी. तुमच्या नोकरीच्या नियमांत लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही असं लिहा, आणि देणगीदार म्हणून फंडाचं नाव छापा. बस्स. म्हणजे नाटकाला आलेल्या कुटुंबाने कार्यक्रमपत्रिका उघडली की तिथे ‘गे’ आणि ‘लेस्बियन’ हे दोन शब्द.

हे मुंबईत करून बघ. डोंबिवलीचं ग्रंथालय, गिरणगावातली व्यायामशाळा, एखादी रक्तपेढी, एकांकिका स्पर्धा. रकमा मोठ्या नकोत, दोन-पाच लाखही तिथे मोठे वाटतात. काही जण म्हणतील, पैसे चालतील पण बोर्डावर नाव नको, लहान मुलं येतात. तिथे देऊ नकोस, वादही घालू नकोस, चहा पिऊन ये. पुढच्या वर्षी पुन्हा जा. जे हो म्हणतील त्यांच्याकडे पाटी स्वतः उभं राहून लावून घे, कारण ‘छपाईत राहून गेलं’ हे फार वेळा होतं. आणि पाटीवर तुझं नाव नको.

र. धों. कर्वे आठव. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, तरी संततिनियमन आणि कामजीवनावरचं मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत याच शहरातून पदराला खार लावून काढलं. १९३४ मध्ये त्यांचा खटला लढायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. वकील मिळाला, कागदाचं आणि छपाईचं बिल भरणारं कुणी नव्हतं. आज असं बिल कुणाच्या टेबलावर पडलंय ते शोधायला तुला वरळीला जावं लागणार नाही. लोकल पकडून त्या चार संस्थांच्या ऑफिसात एकेक दुपार बस, फोन कोण उचलतं ते बघ, आणि हिशेबनिसाला विचार की गेल्या महिन्याचे पगार कितव्या तारखेला झाले.

मेडिक्लेमची तारीख कळव. जोडपत्राचा मसुदा ब्रोकरकडून आला की सही करण्याआधी मला पाठव. ‘जोडीदार’ या शब्दापुढे ते कंसात ‘विवाहित’ घालून ठेवतात.

कळावे, लोभ असावा.