टर्किश टॉवेल की पंचा?

प्रश्न : इंग्रज विनोदी लेखक डग्लस अ‍ॅडम्सच्या चाहत्यांचा टॉवेल दिन २५ मे रोजी आमच्या वाचनालयात करायचा आहे. पंधरावीस मंडळी येतील, निम्म्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. टॉवेल कोणता आणायला सांगावा? वाचायचं काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : पंचा आणायला सांगा. मेअखेरच्या दमट हवेत जाड टर्किश टॉवेल एकदा भिजला की लवकर वाळत नाही, कुबट वास मारतो. वेळ सकाळची ठेवा. दुपारनंतर वळीव पत्र्यावर कोसळला तर वाचणारा कोणालाच ऐकू जायचा नाही.

अ‍ॅडम्स ११ मे २००१ रोजी हृदयविकाराने गेला, वय अवघं ४९. दोनच आठवड्यांनी चाहत्यांनी पहिला टॉवेल दिन पाळला. ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या त्याच्या विनोदी विज्ञान-कादंबरीनुसार अंतराळातल्या भटक्याला टॉवेलइतकी उपयोगी वस्तू नाही : पांघरा, वाळूवर अंथरा, तराफ्याला शीड म्हणून बांधा, ओला करून मारामारीत वापरा आणि एवढं होऊन स्वच्छ उरलाच तर अंग पुसा. हा उतारा वाचताना अंग पुसणं शेवटीच राहू द्या. ते आधी आलं की विनोद मेला.

मुख्य वाचन पहिल्या प्रकरणाचं. बायपाससाठी कथानायक आर्थर डेंटचं घर पाडायला बुलडोझर दारात उभा. अधिकारी म्हणतो, आराखडे नऊ महिने कार्यालयात पाहायला ठेवले होते. कुठे? तळघरात, जिथे दिवा नाही आणि जिनाही नाही. बंद पडलेल्या शौचालयातल्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, आणि दारावर पाटी, ‘बिबट्यापासून सावध’. मुंबई-गोवा महामार्गासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांना इथे तळटीप लागणार नाही. पुढे पृथ्वीच अशा एका रस्त्यासाठी पाडली जाते. तिचे आराखडे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरी या दूरच्या ताऱ्यावर लावलेले असतात!

म्हणून मराठी करताना आर्थरचा आत्माराम करू नका. अधिकाऱ्याच्या तोंडी मात्र परिपत्रकाची भाषा घाला : ‘सदर’, ‘विहित मुदतीत’, ‘हरकती मागविण्यात आल्या होत्या’. हे लेखन मुळात कानासाठीचं. ८ मार्च १९७८ला बीबीसी रेडिओ ४वर मालिका सुरू झाली, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. वाचणारा हेल काढू लागला किंवा आधीच हसला की सगळं फसतं. बातम्या द्याव्यात तसं सपाट वाचा, शेवटच्या तुकड्याआधी एक श्वास थांबा. दहा-बारा मिनिटं पुरे.

पुस्तकात जीवन, विश्व आणि सगळ्याच्याच अंतिम प्रश्नाचं उत्तर ‘४२’ असं येतं. त्याचा अर्थ कोणीतरी विचारेलच. साधासा, लहानसा आकडा हवा होता म्हणून घेतला, असं लेखकानेच सांगितलंय.

अंतराळात रस नसलेल्यांसाठी ‘लास्ट चान्स टू सी’ (१९९०) हे नामशेष होत चाललेल्या प्राण्यांच्या शोधातलं त्याचं प्रवासवर्णन ठेवा. आमच्या मते त्याचं सर्वांत चांगलं पुस्तक हेच. चीनमधल्या यांगत्से नदीच्या पाण्याखालचा आवाज ऐकायला मायक्रोफोन भिजू नये म्हणून लेखक आणि त्याचे सोबती शांघायमध्ये निरोध शोधत फिरतात. हसू ओसरतं ते पुढे, नदीत बोटींच्या यंत्रांचा नुसता गोंगाट ऐकू येतो तेव्हा. तिथला डॉल्फिन आवाजावरच वाट काढणारा. २००६च्या शोधमोहिमेत एकही सापडला नाही.