टाळेबंद नव्हे हो, ताळेबंद!

तासगावच्या एका वाचकांनी आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालातले एक पान पाठवले आहे. वर ठळक अक्षरांत छापलंय, 'टाळेबंद पत्रक, ३१ मार्च अखेर'. त्यांचे प्रश्न दोन. शब्द असाच आहे का? आणि संस्थेला झालेला नफा 'देणी' या बाजूला कसा काय जाऊन बसला?

पहिल्याचं उत्तर एका अक्षराचं: त. शब्द आहे ताळेबंद, म्हणजे इंग्रजीतलं बॅलन्स शीट. २०२० साली टाळेबंदी घरोघरी पोचली आणि तेव्हापासून अहवालांत, बातम्यांत, सभेच्या नोटिशीत सर्रास 'टाळेबंद' दिसू लागला. टाळं लागतं ते कारखान्याला. कामगार कायद्यातल्या लॉकआउटला टाळेबंदी म्हणतात, तिथे ट हवाच. हिशेबाला कुणी टाळं लावत नाही. हिशेबाचा ताळा पाहतात.

यावरही वाद घालणारे भेटतात. एका वाणिज्य शिक्षकांनी मला ठणकावून सांगितलं की वर्षअखेरीस वह्या 'बंद' करतात, म्हणून टाळेबंदच बरोबर. अहो, ३१ मार्चला वह्या बंद होतात आणि १ एप्रिलला तेच आकडे आरंभीची शिल्लक म्हणून नव्या वहीत मांडले जातात. एका रात्रीपुरतं लावायचं हे कसलं टाळं? शिवाय हे गृहस्थ मुलांना गणिताचा ताळा करायला सांगतच असतील ना?

ताळा म्हणजे पडताळा. 'पडताळणे'मध्येही तोच बसलाय, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुन्या शाळांत गुणाकाराला नवाचा ताळा लावत. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. आता अंकांची बेरीज करत एका अंकापर्यंत या: ४७ चे ११, म्हणजे २, २३ चे ५, दोन पाचे दहा, म्हणजे १. इकडे १०८१ चे १०, म्हणजे १. ताळा जमला. ताळ्यावर येणे, ताळतंत्र सोडणे, ताळमेळ हे सगळं याच घरातलं. माझ्या मते या घराचा मूळपुरुष संगीतातला ताल. दोन गोष्टी एकाच समेवर येतात की नाही, हे पाहणं म्हणजे ताळा. कोणी म्हणेल, टाळंसुद्धा संस्कृतातल्या ताल-तालकाकडूनच आलं. येवो की! एका गावचे म्हणून दोघे भाऊ होत नाहीत.

खरी गंमत पुढच्या अर्ध्यात आहे. हा 'बंद' कुठला? 'बंद करणे'मधला नव्हे, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. फारसी बंद म्हणजे बांधणं, आवळणं. अंगरख्याचे बंद, बाराबंदी ही त्याचीच. पण मोडीच्या काळात कागदाच्या लांब, उभ्या तुकड्यालाही बंद म्हणत. असे बंद एकाखाली एक चिकटवून मजकूर लिहायचा आणि गुंडाळी करायची. ताळा ज्या बंदावर मांडला तो ताळेबंद. व्यवस्था लावण्याच्या अर्थाने आलेले शब्द पाहा: जमाबंदी, नाकेबंदी, मोर्चेबंदी. सगळ्यांना शेवटी ई आहे, सगळ्या 'त्या' आहेत. ताळेबंद मात्र 'तो'. का? कारण तो कागद आहे! काही विद्वान इथेही 'बांधणी' हाच अर्थ धरून बसतात. त्यांनी आधी ही ई कुठे गेली ते सांगावं. आणि माझं म्हणणं खरं असेल तर 'ताळेबंद पत्रक' हा सरळसरळ पिवळा पितांबर झाला. तेव्हा छापखान्याला कळवताना त घालायला सांगा आणि पत्रक काढायलाही.

दुसरी एक तक्रार असते की लोक जमाखर्चालाही ताळेबंद म्हणतात. तिथे मी लोकांच्या बाजूने आहे, निदान अर्धा. पेशवाईच्या दफ्तरात वर्षाआधीचा अंदाज तो अजमास किंवा बेहेडा, आणि प्रत्यक्ष जमा, खर्च, शिल्लक यांचा गोषवारा तो ताळेबंद. इंग्रजी पद्धतीची कंपनी आली, बॅलन्स शीटला मराठी शब्द हवा होता, हा आयता सापडला. आज मात्र घोळ घालू नका. वर्षभरात काय आलं-गेलं ते नफा-तोट्यात. एका ठरावीक दिवशी काय आहे आणि कुणाचं किती लागतं, ते ताळेबंदात.

त्याची मांडणी समजा अशी: डावीकडे भागभांडवल १० लाख, राखीव निधी ५, ठेवी ८०, नफा ५, एकूण १०० लाख. उजवीकडे रोख व बँक १०, गुंतवणूक २०, सभासदांकडून येणं कर्ज ६५, इमारत-फर्निचर ५; पुन्हा १०० लाख. डावी बाजू सांगते पैसा कुणाचा, उजवी सांगते तो कुठे गुंतलाय. संस्था म्हणजे सभासद नव्हे. तिच्याकडे स्वतःचं असं काही नाही, सगळं कुणाचं तरी देणं. ठेवी ठेवीदारांच्या, भांडवल सभासदांचं, आणि वाटून होईपर्यंत नफाही सभासदांचाच. म्हणून तो डावीकडे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या कोठारात, ज्या व्यापाऱ्याची हळद पडून असेल, ती शिल्लक माल म्हणून त्याच्या ताळेबंदात उजव्या बाजूला, खरेदीची किंमत आणि बाजारभाव यांतलं जे कमी असेल त्याने.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. इंग्रजी पद्धतीच्या खात्यात नावे (डेबिट) डावीकडे आणि जमा (क्रेडिट) उजवीकडे. मग ताळेबंदात जमेच्या शिलका, म्हणजे भांडवल आणि देणी, डावीकडे कशा? विद्यार्थी इथे हटकून अडखळतात. १८६२ च्या इंग्लंडच्या कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुन्यात ही अशी उलट मांडणी आहे आणि आपण ती घेतली. अमेरिकेत मालमत्ता डावीकडे असते. पण देशी नामा पद्धतीच्या, म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडेच! त्यामुळे सांगलीच्या गणपती पेठेत हिशेब लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजीला हा कागद सुलटाच दिसणार. इंग्रजांनी आपल्या वहीतून उचललं असं मी म्हणत नाही. तसले दावे करणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. योगायोग आहे, पण काय योगायोग आहे! कंपन्यांनी आता डावं-उजवं सोडलंच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सगळं एकाखाली एक; तिच्या पहिल्या विभागात भांडवल व देणी वर आणि मालमत्ता खाली.

दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा, असा अर्थ मात्र काढू नका. ताळ्याला आंधळी जागा असते. वरच्या गुणाकाराचं उत्तर १०८१ ऐवजी १८०१ लिहिलं तरी नवाचा ताळा जमतोच, कारण अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलका जुळवून पाहायच्या यादीत, मात्र नेमकं उलटं. ४,५०० एका बाजूला चुकून ५,४०० लिहिले, तर फरक ९०० चा पडतो आणि त्याला नवाने पूर्ण भाग जातो. म्हणून तेरीज जुळेना की मुरलेला हिशेबनीस आधी फरकाला नवाने भागून पाहतो. भाग गेला तर अदलाबदल झालेले अंक शोधायला लागतो. कर्जाच्या ६५ लाखांतले किती परत येणार, हे मात्र ना नऊ सांगेल ना तेरीज. त्यासाठी त्याच अहवालात थकबाकी आणि बुडीत कर्जाची तरतूद शोधा, आणि सापडली नाही तर वार्षिक सभेत उठून विचारा.