अदोमी आणि इस्राएल: एवढं वैर आलं कुठून?

तुमचा प्रश्न असा की ओबद्या (बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं छोटं पुस्तक) वाचल्यावर धक्का बसला, अदोमी म्हणजे एसावाचे वंशज, इस्राएली म्हणजे याकोबाचे, सख्खे जुळे भाऊ, मग संदेष्टे अदोमावर एवढे का तुटून पडतात आणि पुढे हे अदोमी गेले कुठे. तुमच्या प्रश्नाखाली एकदोघांनी लिहिलंय की मसुरीच्या वरणाच्या वाटीपासून वैर सुरू झालं ते शेवटपर्यंत गेलं (भुकेल्या एसावाने वाटीभर वरणासाठी थोरलेपणाचा हक्क याकोबाला विकला, पुढे याकोबाने बापाचा आशीर्वादही फसवून घेतला, ती गोष्ट). हे उत्तर सगळीकडे मिळतं पण मला ते कधीच पटलं नाही, कारण बायबलच्या उत्पत्ति पुस्तकात, 33व्या अध्यायात, तो विषय मिटलेला आहे हो. एसाव 400 माणसं घेऊन येतो, याकोबाची पाचावर धारण बसते, आणि हा गडी धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात. पुढे बापाला, इसहाकाला, दोघं मिळून मूठमाती देतात. ज्याला फसवलं त्याने माफ केलं, गोष्ट संपली. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात तर नियमच आहे की अदोम्याचा तिरस्कार करू नकोस, तो तुझा भाऊ आहे, त्याची तिसरी पिढी मंडळीत (म्हणजे इस्राएलच्या उपासक समाजात) येऊ शकते. त्याच अध्यायात अम्मोनी आणि मवाबी या शेजाऱ्यांना दहाव्या पिढीपर्यंत दार बंद आहे, त्यावरून अदोमाला किती जवळचं धरलंय ते बघा.

मग ओबद्याचा संताप कशाचा? माझं मत विचाराल तर ही सरळसरळ भाऊबंदकी आहे, जमिनीची. वरण नव्हे, बांध. आणि ती खरी पेटली इ.स.पू. 600 च्या आसपास, म्हणजे एसाव-याकोबाच्या गोष्टीनंतर कित्येक शतकांनी.

आधी मॅप उघडा, त्याशिवाय यातलं काही डोक्यात शिरत नाही. मृत समुद्राच्या दक्षिण टोकापासून अकाबाच्या आखातापर्यंत अराबाचं खोरं जातं, त्याच्या पूर्वेचा डोंगराळ पट्टा म्हणजे अदोम, आजचं दक्षिण जॉर्डन. बायबलमधलं बसरा शहर म्हणजे तिथलं आजचं बुसैरा गाव (इराकचं बसरा वेगळं, हा घोळ खूप जण करतात). पेट्रा याच भागात आहे पण फोटोत दिसतात ती कोरीव दर्शनं अदोम्यांची नाहीत, ती नंतर आलेल्या नबाती लोकांची. आता या पट्ट्यात होतं काय, तर फैनानच्या दरीत तांबं, डोंगरावरून जाणारा उत्तर-दक्षिण राजमार्ग, आणि तळाला एलाथचं बंदर. यहूदाला (इस्राएलींचं दक्षिणेकडचं राज्य, राजधानी यरुशलेम) तांबड्या समुद्रावर जायचं तर अदोमाशी गाठ पडायचीच. गणना 20 मध्ये इस्राएलींना मिसरमधून (इजिप्तमधून) घेऊन निघालेला मोशे अदोमाच्या राजाला निरोप पाठवतो की तुझा भाऊ इस्राएल दारात आलाय, आम्ही शेतातून जाणार नाही, राजमार्गानेच जाऊ, पाणी प्यायलो तर पैसे देऊ, तरी राजा नाही म्हणतो आणि वर सैन्य घेऊन आडवा येतो. नातं आणि रस्ता, दोन्ही गोष्टी एकाच निरोपात आल्यात.

पुढे इस्राएलचा राजा दावीद याने क्षार खोऱ्यात त्यांना हरवून सगळीकडे ठाणी बसवली. हे आपण विजय म्हणून वाचून पुढे जातो, पण 1 राजे 11 मध्ये लिहिलंय की त्याचा सेनापती यवाब सहा महिने तिथे राहिला आणि अदोमातले पुरुष कापून काढले, राजघराण्यातला हदाद नावाचा पोरगा तेवढा काही माणसांबरोबर मिसरला पळाला. मोठा झाल्यावर तो परत येऊन दावीदाच्या मुलाचा, शलमोन राजाचा, वैरी झाला. मला वाटतं संदेष्टे वाचायच्या आधी हा अध्याय वाचायलाच पाहिजे, नाहीतर अदोम उगाच द्वेष करणारा वाटतो. शलमोनाने त्यांच्याच किनाऱ्यावर एसयोन-गेबेरला जहाजं बांधली, नंतर बराच काळ अदोमात राजा नव्हता, कारभारी असायचा, आणि यहूदाचा राजा यहोराम याच्या काळात त्यांनी बंड करून स्वतःचा राजा बसवला. मग यहूदाच्याच अमस्या राजाने परत हल्ला केला, 10,000 मारले, आणि बायबलच्या 2 इतिहास या पुस्तकात आणखी 10,000 कड्यावरून ढकलल्याचं आहे. पुढे आहाज राजाच्या वेळी एलाथ यहूदाच्या हातून गेलं ते गेलंच. म्हणजे ओबद्याच्या कितीतरी आधी, दावीदापासून अमस्यापर्यंतची दोनेक शतकं, मार बहुतेक अदोमच खात होता, हे लक्षात ठेवा.

इथे एक अवांतर, पण मजेशीर. जुने अभ्यासक म्हणायचे की दावीदाच्या काळात अदोमात राज्य वगैरे काही नव्हतंच, कारण बुसैराच्या मोठ्या इमारती इ.स.पू. आठव्या शतकानंतरच्या, अश्शूरी (उत्तर इराकमधल्या असीरिया साम्राज्याच्या) सत्तेच्या काळातल्या. मग पुरातत्त्वज्ञ थॉमस लेव्ही यांच्या टीमने फैनानजवळ खिरबत अन-नहास इथे खोदलं तर तांबं गाळल्यावर उरतो त्या मळीचे ढीगच्या ढीग, आणि त्यातल्या कोळशाचं कार्बन डेटिंग गेलं इ.स.पू. दहाव्या-नवव्या शतकात, म्हणजे दावीद-शलमोनाच्या काळाच्या आसपास. पलीकडे, अराबाच्या पश्चिमेला, तिम्नाच्या तांब्याच्या खाणींत एरेझ बेन-योसेफ यांनाही तसाच काळ मिळाला. त्यांचं म्हणणं, तंबूत राहणाऱ्या लोकांचंही राज्य असू शकतं, प्रत्येक राज्याला दगडी वाडेच लागतात असं कुणी सांगितलं? पुरातत्त्वज्ञ फिंकेलश्टाइन वगैरे मंडळी म्हणतात की तांबं गाळलं म्हणून लगेच राजा सिद्ध होत नाही, आणि तो धंदा अदोमच्या पठारावरच्या लोकांचाच होता कशावरून. वाद चालू आहे. मी स्वतः बेन-योसेफकडे झुकतो, कारण वाळवंटात एवढं गाळकाम चालवायचं म्हणजे पाणी, धान्य, कोळसा, गाढवं, सगळ्याची सोय लावायची, कुणाचा तरी हुकूम चालल्याशिवाय ते होत नाही. पण यावरून दावीदाची लढाई सिद्ध झाली असं जे व्हिडिओवाले सांगतात ते मात्र फेकतात.

आता मुख्य गोष्ट. अश्शूरी राज्यात अदोम मांडलिक होता पण मजेत होता, अरबस्तानातून येणारा धूप-मसाला त्यांच्या दारातून गाझाकडे जायचा. त्या मालाच्या वाटेने अदोमी हळूहळू अराबा ओलांडून पश्चिमेला नेगेबमध्ये आले, म्हणजे यहूदाच्या दक्षिण हद्दीत. तिथल्या अराद या यहूदी किल्ल्याच्या दक्षिणेला होर्वात कित्मितला त्यांचं देवस्थान सापडलंय, त्यात मातीचं एक देवीचं मुंडकं आहे, डोक्याला तीन शिंगं. त्यांचा मुख्य देव कौस, त्याचं नाव तिथल्या लेखांमध्ये आहे. (बायबल मवाबाच्या कमोशाला शिव्या घालतं, अम्मोनच्या मिलकोमाला घालतं, पण अदोमाच्या देवाचं नाव काढून एक शब्द नाही. का, यावर बऱ्याच थिअरी आहेत, इथे नको.)

आणि अरादच्या किल्ल्यातच पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांना खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, इ.स.पू. 600 च्या आसपासची. बहुतेक पत्रं अगदी कोठारातली, अमक्याला इतकं पीठ दे, इतका द्राक्षारस दे, तेल दे. पण 24 नंबरचं खापर वेगळं आहे. त्यात हुकूम आहे की अरादहून आणि कीनाहून माणसं रामत-नेगेब या ठिकाणी ताबडतोब पाठव, अमक्याच्या हवाली कर, राजाची आज्ञा आहे, जिवावर बेतेल, आणि कारण काय, तर तिथे अदोम येऊ नये म्हणून. हे कुणा संदेष्ट्याचं काव्य नाही, घाबरलेल्या अधिकाऱ्याची चिठ्ठी आहे. ओबद्यापेक्षा मला हीच जास्त बोलकी वाटते.

आता याला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 27वा अध्याय जोडा. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या काळात यरुशलेमेत बाबेलविरुद्ध (बॅबिलोनविरुद्ध) खलबतं चालली होती, त्याला अदोमाचे दूत हजर होते, मवाब, अम्मोन, सोर, सीदोन यांच्याबरोबर. आणि काही वर्षांत, इ.स.पू. 586 ला, बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जाळलं तेव्हा अदोम मदतीला आला नाही एवढंच नाही, तर ओबद्या म्हणतो तो बाजूला उभा राहून बघत होता, लुटीत हात मारला, आणि नाक्यावर उभं राहून पळून जाणाऱ्यांना अडवलं. स्तोत्र 137 मध्येही तेच, ‘पाडा, पायापर्यंत पाडा’ असं अदोमी ओरडत होते. काल आपल्या बैठकीत बसलेला भाऊ आज लुटारूंबरोबर, याचा राग परक्या बाबेलच्या रागापेक्षा जास्त येणारच ना. मात्र यरुशलेमच्या मंदिराला आग अदोम्यांनी लावली असं जे काही जुन्या ग्रंथात येतं ते धरू नका, 2 राजे 25 स्पष्ट सांगतं की ते बाबेलच्या सरदाराने जाळलं.

आणि यहेज्केल संदेष्ट्याचा 35वा अध्याय वाचलात की जमिनीचा मुद्दा उघडाच पडतो. तिथे सेईर (अदोमच्या डोंगराचं, म्हणजे अदोमचंच नाव) म्हणतो, ही दोन्ही राष्ट्रं, हे दोन्ही देश आता माझे. म्हणजे घर रिकामं झालं आणि चुलतभावाने कुलूप तोडलं. पण त्याच वेळी यिर्मया 40:11 मध्ये एक ओळ आहे जी प्रवचनात कुणी घेत नाही, यहूदी निर्वासित मवाब, अम्मोन आणि अदोम इथे जाऊन राहिले होते आणि बाबेलने नेमलेला गदल्या यहूदाचा अधिकारी झाल्याचं ऐकून परत आले. म्हणजे काही अदोम्यांनी माणसं पकडून दिली आणि काहींच्या घरी माणसं लपलीसुद्धा.

मग ते गेले कुठे? इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याला बाबेलचा राजा नबोनिदस त्या बाजूला स्वारीवर गेला, सेला इथल्या कड्यावर त्याचं शिल्प आहे, आणि त्यानंतर अदोमचं राज्य म्हणून काही ऐकू येत नाही. मलाखी संदेष्टा म्हणतो ना, एसावाचे डोंगर ओसाड केले, ते हेच असावं. पूर्वेला नबाती पसरले आणि पश्चिमेचे अदोमी हेब्रोन, मारेशा या भागात राहिले, त्यालाच ग्रीक काळात इदूमिया म्हणायला लागले. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडे यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने तो भाग जिंकला आणि, पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस याच्या म्हणण्याप्रमाणे, सांगितलं की सुंता करा, नाहीतर चालते व्हा. बहुतेकांनी केली. किती मनापासून, ते कोस्तोबारवरून कळतं. हा यहूदियावर रोमने बसवलेल्या हेरोद राजाचा मेव्हणा, इदूमियाचा सुभेदार, त्याचे पूर्वज कौस देवाचे पुजारी, आणि याचं मत असं की इदूमी लोकांनी यहूदी रीतिरिवाज पाळूच नयेत. शेवटी हेरोदाने त्याला मारलं.

हेरोद स्वतः त्याच इदूमी घराण्यातला, आई नबाती. यरुशलेमचं मंदिर भव्य करून बांधणारा माणूस एसावाच्या वंशातला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी त्याला अर्धा यहूदी म्हणून हिणवायचा. पण मिश्नात (रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या, जुन्या नियमसंग्रहात) एक प्रसंग आहे, हेरोदाचा वंशज अग्रिप्पा राजा मंदिरात नियमशास्त्र वाचत होता, ‘जो तुझा भाऊ नाही अशा परक्याला राजा करू नको’ या वाक्याला आला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर लोक ओरडले, घाबरू नकोस, तू आमचा भाऊच आहेस. मोशेच्या निरोपातला शब्द तोच, बोलणारा फक्त बदलला.

इ.स. 68 मध्ये रोमविरुद्धच्या बंडात जहाल गटाने इदूमींना मदतीला बोलावलं. योसेफस 20,000 आले म्हणतो, त्याचे आकडे फुगवलेले असतात, पण रात्री वादळात वेशीचे अडसर करवतीने कापून त्यांना आत घेतलं आणि त्यांनी माजी मुख्य याजक अनानसला मारलं, एवढं तो तपशिलात सांगतो. इ.स. 70 नंतर वेगळे लोक म्हणून त्यांचा पत्ता लागत नाही, यहूद्यांत आणि आजूबाजूच्यांत मिसळून गेले. नाव तेवढं राहिलं, रब्बी मंडळी रोमला अदोम म्हणायला लागली आणि पुढे ख्रिस्ती साम्राज्यालाही. त्यामुळे यूट्यूबवर कुणी आजच्या अमक्या देशाकडे बोट दाखवून हेच अदोमी म्हणत असेल तर त्याला एवढंच विचारा की इ.स. 70 पासून आजपर्यंतचा धागा दाखव.