टेकडीवरचा वाद आणि चंद्रपूरचा बर्फ

प्रश्न: आम्ही सात-आठ रिटायर्ड मंडळी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. यंदा मार्चमध्येच घामाच्या धारा लागल्या म्हणून विषय निघाला, तर आमचे एक मित्र म्हणाले, पृथ्वी काय आज पहिल्यांदा तापतेय का, हिमयुगं आली नि गेली, डायनासोरांच्या वेळी तर आत्तापेक्षा गरम होतं, तेव्हा कुठे गाड्या होत्या? मला काही उत्तर सुचलं नाही. त्यांचं खरंय का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: काका, अर्धं खरंय, आणि अर्धं खरं असलेल्याशी वाद घालणं सगळ्यात अवघड!

गरम होतंच. ५ कोटी वर्षांपूर्वी पार उत्तरेला, एल्समेर बेटावर मगरींचे भाऊबंद राहायचे, आज तिथे पांढरी अस्वलं फिरतात. आणि थंडीचं म्हणाल तर आपलं चंद्रपूर घ्या, हो चंद्रपूरच, मे महिन्यात जिथे पारा ४५च्या वर जातो तिथे इरई गावाजवळ कातळावर हिमनदीने मारलेले ओरखडे आहेत, बर्फाने दगडगोटे फरफटत नेले त्याच्या खुणा, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिका-आफ्रिकेला चिकटलेला होता. मग बर्फ वितळला, दलदलीत जंगलं वाढली, गाडली गेली, आणि त्या गोट्यांच्या थराच्या वरती कोळसा तयार झाला. चंद्रपूरच्या खाणीतून आज निघतो तोच. हा कोळसा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता तुमच्या पायाखालची टेकडी. हा काळा कातळ म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास थरावर थर ओतत गेलेला लाव्हा. त्या उद्रेकांतून कार्बन डायऑक्साइड पण भरपूर बाहेर पडला, म्हणजे गाड्या नव्हत्या हो, पण ज्वालामुखी होते की! मित्रांना हे जरूर ऐकवा. पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. हाच कातळ नंतर पावसात झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो. पावसाच्या पाण्यात तो वायू विरघळतो, त्याने दगड कुजतो, आणि कार्बन नदीवाटे समुद्रात जाऊन चुनखडीत अडकतो. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो ना, तो दोन उद्रेकांच्या मधल्या काळात असाच कुजलेला दगड. पुढे पृथ्वी हळूहळू थंड झाली, ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साचला, त्यात दख्खनच्या कातळाचाही हात होता असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

म्हणजे हवामान आपोआप बदलत नाही, दर वेळी काहीतरी कारण असतं. या वेळचं कारण तो कोळसा. कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन आपण दोनेकशे वर्षांत वर काढून जाळतोय.

आणि वेग बघा. शेवटचं हिमयुग संपताना हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ८० भाग वाढले, त्याला ७ हजार वर्षं लागली. १९८० साली तो ३४०च्या आसपास होता, आज ४२०च्या वर. तेच ८०, पण तुमच्या नोकरी ते पेन्शन एवढ्या काळात. दगडाचं कार्बन खाणं लाखो वर्षांच्या हिशोबाने चालतं, त्याला ही घाई झेपत नाही.

प्रश्न: तेव्हा थर्मामीटर नव्हता, मग एवढं कळतं कसं? (अकरावी सायन्स, सदाशिव पेठ)

उत्तर: शिंपल्यांवरून. ऑक्सिजनचे हलका आणि जड असे प्रकार असतात, समुद्राचं पाणी जितकं गार तितका जड ऑक्सिजन शिंपल्यात जास्त अडकतो (ध्रुवांवर किती बर्फ साठलाय त्याचाही परिणाम होतो, तो वजा करावा लागतो). शिवाय अंटार्क्टिकात खोल ड्रिल करून काढलेल्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे असतात, ८ लाख वर्षांपर्यंतचे! ते फोडून थेट मोजतात.

प्रश्न: हिमयुगात पुण्यात बर्फ पडायचा का? (इयत्ता सातवी, हडपसर)

उत्तर: नाही रे बाळा. २० हजार वर्षांपूर्वी जाड बर्फ होता तो उत्तर अमेरिका आणि युरोपवर, आपल्याकडे पाऊस कमी झाला होता. पण एवढं पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आत्ताच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. मुंबईपासून १६० किलोमीटर आत समुद्रात मुंबई हाय आहे, जिथून तेल काढतात, तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. म्हणजे त्या काळी तू चालत तिथपर्यंत गेला असतास, पाय न भिजवता.